विसरलो नाही, लक्षातच ठेवले नव्हते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या पंधरवड्यात मोबाइल आणि स्मरणशक्ती यांविषयी दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्रलेखकांच्या मते इंटरनेटच्या व्यसनाने नव्या पिढीची स्मरणशक्ती पोखरून काढली असून मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेतल्याशिवाय आता गत्यंतर नाही. दुसऱ्यांच्या मते सगळी माहिती क्षणात मिळत असताना ती डोक्यात साठवण्याचा आग्रह धरणे म्हणजे विहिरीवर पंप बसल्यानंतरही मोटेचा हट्ट सोडायचा नाही, असा प्रकार आहे. दोन्ही पत्रे कळकळीने लिहिलेली होती, पण दोन्हींच्या मुळाशी मला एकच चुकीची कल्पना दिसली. स्मरणशक्ती म्हणजे जणू हरिपूरचे हळद साठवण्याचे जमिनीखालचे पेव, एकदा माल भरून तोंड बंद केले की लागेल तेव्हा जसाच्या तसा बाहेर काढता येतो, असे दोघेही धरून चालले आहेत. वाद एवढाच, की पेवात पाणी शिरले आहे की पेवाची गरजच संपली आहे.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. मी डॉक्टर नाही की मानसशास्त्रज्ञ नाही. पूर्वी सांगलीच्या गावभागात माझे वह्या-पुस्तकांचे दुकान होते आणि आता विश्रामबागेत चाळीस खुर्च्यांची अभ्यासिका चालवतो. तिथे तलाठी, पोलीस भरती आणि राज्यसेवेच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत बसतात. चाळीस तरुण माणसे रोज बारा-चौदा तास काहीतरी लक्षात ठेवण्याचा प्रयत्न करताना पाहायला मिळणे ही चैन फार थोड्या लोकांना मिळते, आणि त्या पाहण्यातून मनात आलेल्या शंकांमुळे मी या विषयावर जमेल तेवढे वाचत गेलो.

आधी माझीच फजिती सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्हा नवरा-बायकोला घराच्या माडीवरून नावेने काढून एका शाळेत नेऊन ठेवले. दोघांचेही मोबाइल बंद पडलेले होते. तिथल्या एका स्वयंसेवकाने आपला मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "काका, घरच्यांना कळवा." मुलगी पुण्यात काळजी करत असणार हे माहीत होते, मोबाइल हातात होता, आणि तिचा नंबर काही केल्या आठवेना. पहिले दोन आकडे आले, मग सगळे धुके. आठवत होता तो आमच्या दुकानाचा पाच आकडी लँडलाइन नंबर, जो बंद होऊनही कैक वर्षे झाली होती. पत्नीने शेवटी पुण्यातल्या तिच्या बहिणीचा जुना नंबर सांगितला आणि निरोप पोचला. त्या रात्री मला वाटले, की वय झाले, स्मरणशक्ती गेली. पुढे शांतपणे विचार केल्यावर लक्षात आले, की मुलीचा नंबर मी विसरलेलोच नव्हतो. तो मी कधी पाठच केला नव्हता. दुकानाचा नंबर मी हजार वेळा स्वतःच्या तोंडाने गिऱ्हाइकांना सांगितला होता. मुलीच्या नावावर मात्र फक्त बोट टेकवत आलो होतो. एकदा लक्षात राहिलेले पुसले जाणे आणि मुळात लक्षातच न शिरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मोबाइलविषयीच्या आपल्या बहुतेक चर्चेत त्यांची गल्लत होते.

२०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काही प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतल्या एका प्रयोगात लोकांना चाळीस छोटी माहितीपर वाक्ये संगणकावर टंकित करायला दिली होती. काहींना सांगितले की संगणक हे सगळे जतन करणार आहे, काहींना सांगितले की ते पुसले जाणार आहे. ज्यांना पुसले जाणार असे वाटत होते त्यांना वाक्ये अधिक आठवली. विशेष म्हणजे, नीट लक्षात ठेवा अशी सूचना दिली की न दिली याने फारसा फरक पडला नाही. माहिती दुसरीकडे सुरक्षित आहे या समजुतीचाच परिणाम मोठा होता. हे प्रयोग वर्तमानपत्रांतून खूप गाजले, पण याच लेखातला दुसरा एक प्रयोग २०१८ साली नामवंत नियतकालिकांतील एकवीस प्रयोगांची फेरतपासणी झाली तेव्हा पुन्हा सिद्ध होऊ शकला नाही, ही गोष्ट मात्र फारशी कोणी छापली नाही. म्हणून या विषयावर ठाम मथळे देताना थोडे सबुरीने घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. 'ब्रेन रॉट' हा शब्द ऑक्सफर्डने २०२४ चा शब्द म्हणून निवडल्यापासून मेंदू कुजल्याच्या बातम्यांना तर उधाण आले आहे. तो लोकांच्या बोलण्यातला शब्द आहे. रोगाचे नाव नव्हे.

'व्यसन' या शब्दाचीही कथा थोडी अशीच आहे. १९९५ साली इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी मानसिक आजारांच्या अधिकृत सूचीची टिंगल करण्यासाठी इंटरनेटच्या व्यसनाची लक्षणे गमतीने लिहिली आणि लोकांनी ती खरी मानली. लवकरच किंबर्ली यंग यांनी हा विषय गांभीर्याने अभ्यासायला घेतला, आणि त्यांची वीस प्रश्नांची चाचणी आजही वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र अद्याप सरसकट इंटरनेटच्या व्यसनाला आजार म्हटलेले नाही. तिच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, आणि त्याची कसोटी किती तास खेळले ही नाही. स्वतःवरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे सारे साधारण वर्षभर टिकले तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. माझ्या अभ्यासिकेत दिवसाचे सहा तास मोबाइलवर व्याख्याने ऐकणारी मुलगी आहे आणि तिला कसलेही व्यसन नाही. उलट एकूण तास तिच्याहून कमी असूनही रात्री दोन वाजता स्वतःचाच राग येत असताना अंगठा थांबवू न शकणारा मुलगाही पाहिला आहे.

ज्यांचा वापर असा हाताबाहेर गेला आहे त्यांच्या विचारशक्तीचे काय होते, याविषयीच्या चाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'त आला होता. मनात आलेली कृती आवरणे, निर्णय घेणे आणि हातातल्या कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवणे, या तिन्ही बाबतींत ही मंडळी इतरांपेक्षा मागे पडतात असे त्यात दिसले. पण मोबाइलमुळे मागे पडली, की आधीच मन थाऱ्यावर नव्हते म्हणून मोबाइलकडे वळली, हे अशा तुलनेतून कळत नाही. वर उल्लेख केलेला मुलगा दोनदा भरतीत थोडक्या गुणांनी राहिला होता, घरी बोलणी खात होता, आणि रात्रीचा मोबाइल ही त्याची लपण्याची जागा होती. मग झोप कमी झाली. दिवसभरात शिकलेले पक्के होण्यात झोपेचा वाटा मोठा असल्यामुळे वाचलेले टिकेना, आणि ते टिकत नाही या धास्तीने तो पुन्हा मोबाइलमध्ये लपू लागला. वडिलांनी त्याचा मोबाइल काढून घेतला तेव्हा तो चार दिवस अभ्यासिकेत नुसता भिंतीकडे बघत बसला, एवढेच साध्य झाले. पुढे त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे नेले आणि तो सावरला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून स्वतंत्र विभाग चालतो. तिथवर जाणे प्रत्येकाला शक्य नाही. पण केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. मेंदू कुजल्याची बातमी छापताना तिच्याखाली हा क्रमांक छापायला फार जागा लागणार नाही.

आता व्यसन नसलेल्या, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या बहुसंख्य लोकांकडे येतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते याविषयी. माझे म्हणणे असे, की मोबाइल आपल्या डोक्यातून काही काढून नेत नाही. ज्या घडीला गोष्ट डोक्यात शिरत असते, मुरत असते किंवा आठवून पाहिली जात असते, नेमकी ती घडी तो बळकावतो. त्यामुळे दिवसाचे तास मोजण्यापेक्षा कोणती घडी गेली हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

अभ्यासिका सुरू केली तेव्हा मी मोबाइलवर बंदी घातली नव्हती. आवाज बंद ठेवा, एवढीच अट होती. मुले मोबाइल पालथा घालून पुस्तकाशेजारी ठेवत. २०१७ मधल्या टेक्सास विद्यापीठाच्या एका प्रयोगाबद्दल मी पुढे वाचले, त्यात स्वतःचा मोबाइल आवाज बंद करून टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी चाचण्यांत चांगली कामगिरी केली होती. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा फरक दर वेळी तेवढा दिसला नाही, म्हणून त्याच्या जोरावर मी काही सिद्ध करू पाहत नाही. मी फक्त दाराजवळ चाळीस कप्प्यांचे एक लाकडी कपाट करून घेतले आणि ज्याला वाटेल त्याने मोबाइल तिथे ठेवावा असे सांगितले. पहिल्या महिन्यात सहा-सात कप्पे भरले. आज बहुतेक भरलेले असतात, आणि हे माझ्या उपदेशाने नव्हे तर मुलांनी एकमेकांकडे पाहून केले.

पण कपाटाने निम्मेच काम झाले. ते माझ्या लक्षात आले समोरच्या टपरीवर. दुपारी चारला मुले चहाला उतरतात, तेव्हा प्रत्येकजण कप्प्यातून मोबाइल घेऊनच जिना उतरतो आणि चहा संपेपर्यंत मान वर होत नाही. माझ्या दुकानाच्या काळात परीक्षेची मुले याच दहा मिनिटांत वाचलेल्यावरून हुज्जत घालत, नाहीतर नुसतीच रस्त्याकडे बघत उभी राहत. ती रस्त्याकडे बघणारी मुले वेळ फुकट घालवत आहेत असे मला तेव्हा वाटायचे, आणि आता माझे मत पूर्ण बदलले आहे. एडिंबरा येथे मायकेला ड्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात साठी ओलांडलेल्या लोकांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या होत्या. एक गोष्ट ऐकल्यावर त्यांना दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत स्वस्थ बसू दिले, दुसरी ऐकल्यावर तेवढाच वेळ संगणकावर दोन चित्रांतले फरक शोधायला लावले. सात दिवसांनी विचारले तेव्हा स्वस्थ बसण्याआधी ऐकलेली गोष्ट स्पष्टपणे जास्त आठवत होती. नुकतेच आत आलेले काही काळ कच्चे असते, आणि लगेच त्यावर दुसरे काही ओतले तर ते मुरत नाही, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. लोणचे घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे समजावून सांगावे लागणार नाही. रील तर दर अर्ध्या मिनिटाला नवे काही ओतते आणि त्याला तळ नाही. पूर्वी निदान पान संपायचे. २००६ साली अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या पानाची क्लृप्ती काढली तेव्हापासून तीही सोय गेली. पुढचे पान काय असेल हे आधी कळत नाही, हाच त्यातला चटका आहे. दाणा कधी मिळेल हे ठाऊक नसलेले कबूतर कळ जास्त चिवटपणे दाबत राहते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी मोबाइलच्या कितीतरी आधी दाखवून ठेवले आहे.

आठवून पाहण्याची घडीही अशीच हातातून जाते. अभ्यासिकेत कोणी "बेचाळिसावी घटनादुरुस्ती कोणत्या साली?" असे विचारले, की पूर्वी चार जण कपाळाला आठ्या घालून विचार करत, दोन चुकीची उत्तरे येत, मग १९७६ येई. आता उत्तर तीन सेकंदांत मोबाइलवर येते आणि तीन दिवसांत जाते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला वाचून झाल्यावर पान मिटून आठवेल ते लिहायला लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. गंमत अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांना अधिक होता. इंटरनेटवर शोधण्याने हा भ्रम वाढतो, असे २०१५ मधल्या येल विद्यापीठाच्या प्रयोगांतही दिसले होते. शोधून उत्तरे मिळवणारे लोक पुढे भलत्याच विषयांतही स्वतःच्या ज्ञानाचा अंदाज फुगवून सांगू लागले. व्याख्यान दुप्पट वेगाने ऐकून "सगळं समजलं, सर" म्हणणारी मुले मी रोज पाहतो, आणि त्यांना वही मिटून पाच ओळी लिहायला सांगितले की जी शांतता पसरते तीही पाहतो. आपल्याकडे पाढे, पावकी-निमकी, दिडकी म्हणून घेत, त्याला घोकंपट्टी म्हणून आपण फार हिणवले. त्यात अर्थ न समजता घोकण्याचा दोष होताच, पण रोज संध्याकाळी पुस्तकाशिवाय आठवून म्हणण्याचा गुणही होता, आणि दोष टाकताना गुणही टाकला गेला.

दुसऱ्या पत्रलेखकांना मात्र मला थोडे जास्त उत्तर द्यायचे आहे. माहिती बाहेर असताना आत कशाला, हा त्यांचा प्रश्न वरवर बिनतोड आहे. त्याचे उत्तर मला बुद्धिबळात सापडते. नाट्यपंढरी म्हणवणारे आपले गाव बुद्धिबळाचेही गाव आहे, आणि भाऊसाहेब पडसलगीकर व नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे कित्येक पिढ्यांना इथे पटाची गोडी लागली. तरबेज खेळाडूला चालू डावाचा पट पाच सेकंद दाखवला तरी तो बहुतेक मोहरी जागच्या जागी मांडून दाखवतो. नवखा चार-पाचच सांगू शकतो. पण १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन अमेरिकी संशोधकांनी मोहरी कशीही विस्कटून मांडली, तेव्हा तरबेज आणि नवखा जवळजवळ सारखेच ठरले. म्हणजे तरबेज माणसाकडे काही जादूची स्मरणशक्ती नव्हती. त्याच्याकडे आयुष्यभर खेळलेल्या डावांचे तयार आकार होते आणि पट दिसताच ते आकार ओळखू येत होते. आपण विचार करत असताना एका वेळी समोर ठेवू शकतो अशा गोष्टी अभ्यासकांच्या मते जेमतेम चार. इतक्या छोट्या पाटीवर मोठा हिशेब मांडायचा, तर सुटे आकडे नव्हे, बांधलेले गठ्ठे लागतात, आणि गठ्ठे बांधले जातात ते आत मुरलेल्या ज्ञानाचे. १९७५ ची आणीबाणी, १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्ती, १९७७ ची निवडणूक आणि १९७८ ची चव्वेचाळिसावी दुरुस्ती ही साखळी ज्याच्या डोक्यात आहे, तो एकीने दुसरी का घडली याचा विचार करू शकतो. ज्याला प्रत्येक कडी शोधावी लागते, त्याची पाटी शोधण्यातच भरून जाते. जे डोक्यात नाही ते शोधता येईल, पण काय शोधायचे हे सुचायलाही डोक्यात काहीतरी असावे लागते. पंपालाही विहिरीत पाणी लागते, हे त्यांच्याच दाखल्यावर माझे उत्तर.

ऑगस्ट २०२२ पासून आपल्याच जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला, गावाने दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचा असे ठरवले, आणि त्याची वार्ता देशाबाहेरही गेली. त्या उपक्रमाचे कौतुक करताना बहुतेकांनी दीड तास मोबाइल बंद राहिला एवढेच पाहिले. माझ्या मते त्यातली कळीची गोष्ट वेळेची निवड आहे. सातची वेळ म्हणजे दिवसभराची शाळा संपून अभ्यासाला बसण्याची आणि जेवणाआधी घरातल्यांनी एकमेकांना दिवस सांगण्याची वेळ. आत घेणे आणि आठवून सांगणे, दोन्ही त्यात येतात. शिवाय सगळ्या गावाचा एकदम बंद असल्यामुळे आपणच काहीतरी चुकवतो आहोत ही रुखरुख कुणालाही राहत नाही. सांगलीसारख्या शहरात भोंगा कोण ऐकणार, हे मलाही समजते. मी टपरीवाल्याशी बोललो आहे. चार ते सव्वाचार या वेळात मोबाइल वर ठेवून येणाऱ्याला चहाचा दुसरा अर्धा कप माझ्या खात्यावर. गेल्या सोमवारी सात अर्धे कप झाले.

शेवटी आपल्या दैनिकाविषयी एक विनंती. गेल्या वर्षापासून आपण शब्दकोड्याच्या खालीच त्याच दिवशीच्या उत्तरांसाठी क्यूआर कोड छापू लागला आहात. आमची पत्नी वीस वर्षे आपले कोडे सोडवते. पूर्वी अडलेला शब्द दिवसभर तिच्या डोक्यात घोळत असे, पोळ्या लाटताना मध्येच "सापडला!" म्हणून ती ओरडत असे, आणि न सापडल्यास दुसऱ्या दिवशीच्या अंकाची मी नव्हे, ती वाट पाहत असे. आता नऊ वाजता अडते आणि नऊ वाजून एक मिनिटाने सुटते. तो कोड काढून उत्तरे पूर्वीप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या अंकात, हवी तर उलटी, छापावीत.

आपला नियमित वाचक,
एक अभ्यासिकाचालक,
विश्रामबाग, सांगली